तरुण वयातील स्तनकर्करोग आणि मायक्रोआरएनए

भंडारा : स्तनाचा कर्करोग हा उतारवयातील आजार, असा समज अद्याप रूढ आहे. प्रत्यक्षात पाश्चात्त्य महिलांच्या तुलनेत भारतीय महिलांना तो साधारण दहा वर्षे आधी गाठतो. २०२२ मध्ये देशात या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि ९८ हजारांवर महिलांचा मृत्यू झाला, असा जागतिक अंदाज आहे. नायजेरिया, घाना या आफ्रिकी देशांतही तरुण रुग्णांचे प्रमाण मोठे आहे. दोन्हीकडे ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हा प्रकार अधिक आढळतो. तो वेगाने वाढतो आणि हार्मोनरोधक औषधांना दाद देत नाही.

या आक्रमकतेचा उलगडा करताना संशोधकांचे लक्ष मायक्रोआरएनएकडे वळले आहे. पेशीतील जनुकांचा संदेश घेऊन प्रथिने तयार होतात. सुमारे २२ घटकांची साखळी असलेला मायक्रोआरएनए हा संदेश मध्येच अडवतो. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस व गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत त्याचा शोध लावला. त्याबद्दल त्यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. स्तनाच्या अनेक गाठींमध्ये मायक्रोआरएनए-२१ वाढलेला असतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी जनुकेच तो निष्प्रभ करतो. उलट, मायक्रोआरएनए-२०० गटाचे रेणू घटले की पेशींना इतरत्र पसरण्यास वाव मिळतो.

हे रेणू रक्तातही टिकून राहतात. त्यामुळे रक्ततपासणीतून लवकर निदान होण्याची आशा आहे. तरुण महिलांसाठी तिचे मोल अधिक, कारण त्यांच्या स्तनांतील ऊती दाट असल्याने मॅमोग्राफीत गाठ सहज दिसत नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत दीड लाख महिलांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील महिलांमधील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील महिलांत मात्र तशी घट दिसली नाही. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तथापि, मायक्रोआरएनए चाचणी अजून नित्याच्या निदानासाठी प्रमाणित झालेली नाही. रक्त हाताळण्याच्या पद्धतीनुसारही तिचे निष्कर्ष बदलतात. तोवर भिस्त आहे ती वेळीच केलेल्या तपासणीवर. तीस वर्षांवरील महिलांची तपासणी शासकीय कार्यक्रमात समाविष्ट आहे. त्याहून लहान महिलांनी लक्षण दिसताच स्वतःहून डॉक्टरांकडे जावे. गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. स्तनाग्रातून रक्तस्राव होणे, त्वचा आत ओढली जाणे हीदेखील धोक्याची चिन्हे आहेत. बाळंतिणीची प्रत्येक गाठ दुधाचीच असते, असेही नाही. भातशेतीच्या या जिल्ह्यात ‘रोवणी आटोपली की पाहू’ असे म्हणत दुखणे लांबणीवर टाकले, तर तेवढ्यात उपचाराची संधी निसटू शकते. भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय गाठता येते आणि पुढील उपचारांसाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयही फार दूर नाही.