पिल्लू शेतावर येतं तेव्हा: दोन घड्याळांचं गणित

हाचिकोची गोष्ट आपल्याला बहुधा शेवटाकडून माहीत असते. मालक गेल्यावरही जवळजवळ दहा वर्षं शिबुया स्टेशनवर वाट पाहणारा अकिता कुत्रा आणि त्याचा पुतळा. आज आपल्याला त्या गोष्टीची सुरुवात हवी आहे. हाचिकोचा जन्म १० नोव्हेंबर १९२३ चा, अकिता प्रांतातल्या ओदाते इथल्या एका शेतकऱ्याच्या घरचा. जानेवारी १९२४ च्या मध्यावर त्याला रेल्वेने तोक्योला पाठवलं. नवे मालक उएनो हिदेसाबुरो हे तोक्यो इम्पीरियल विद्यापीठात शेतजमिनीची आखणी आणि पाण्याचा निचरा हे विषय शिकवणारे प्राध्यापक होते. त्या प्रवासाच्या वेळी पिल्लाचं वय होतं साधारण नऊ आठवडे.

हा नऊ आठवड्यांचा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

तुम्ही जपानच्या ग्रामीण भागात एखादं रिकामं जुनं घर, म्हणजे ‘अकिया’, घेऊन भाजीपाला करत असाल, किंवा जोडीदाराच्या आईवडिलांची भातशेती सांभाळायला गेला असाल, तर कधी ना कधी घरात विषय निघतोच: एक कुत्रा असावा. रानडुकरं येतात, माकडं येतात, आणि मुलांनाही हवंच असतं. मोकळी जागा आहे, हवा चांगली आहे, पिल्लू आपोआप छान वाढेल असं वाटतं. हे ‘आपोआप’ मात्र तपासून पाहायला हवं. पिल्लाच्या शरीरात त्या वेळी दोन घड्याळं चालू असतात, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिलं घड्याळ: ओळखीचं

१९६१ साली अमेरिकेत फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंच कुंपण घातलेल्या शेतात कुत्र्यांची पिल्लं आईसोबत वाढवली. अन्नपाणी मिळत होतं, पण माणसाशी संपर्क नव्हता. मग काही पिल्लांना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या आठवड्यात फक्त एकेका आठवड्यासाठी माणसांमध्ये आणलं. काहींना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस जवळून भेटलाच नाही. मधल्या आठवड्यांत माणसं भेटलेली पिल्लं माणसाळली. चौदा आठवडे एकटी राहिलेली पिल्लं मात्र माणूस दिसताच रानटी जनावरासारखी दूर पळू लागली.

लक्षात घ्या, त्या पिल्लांना कोणी मारलं नव्हतं, उपाशीही ठेवलं नव्हतं. त्यांच्या आयुष्यात माणूस वेळेवर आला नाही, एवढंच घडलं होतं.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षांची अशी निरीक्षणं १९६५ साली पुस्तकरूपात मांडली. त्यातून जे चित्र दिसतं ते असं: पिल्लाचे डोळे साधारण दुसऱ्या आठवड्यात उघडतात, कान तिसऱ्याच्या आसपास काम करू लागतात. तिथून पुढे कुतूहल भीतीपेक्षा मोठं असतं. नवीन वस्तू दिसली की पिल्लू तिच्याकडे जातं. हळूहळू पारडं फिरतं आणि बारा ते चौदा आठवड्यांच्या सुमारास भीती वरचढ होते. या काळात जे भेटलं ते ‘आपलं’, जे भेटलं नाही ते ‘परकं’. दार एका दिवसात धाडकन बंद होत नाही, पण नंतर ते उघडायला कितीतरी जास्त कष्ट पडतात.

आता आपल्याकडचं गावातलं पिल्लू आठवा. आई गल्लीतच, भावंडं सोबत. पोरंटोरं उचलतात, शेळ्या हुंगतात, ट्रॅक्टर जातो, वरातीचा बँड वाजतो. तीन महिन्यांत त्याने जग पाहिलेलं असतं. त्या पिल्लाचे हाल वेगळे असतात, पण अनुभवांची कमतरता नसते.

जपानमधल्या अनेक गावांत नेमकं उलट आहे. तरुण शहरात गेलेत, शाळा बंद झाल्यात, शेजारचं घर चालत दहा मिनिटांवर. पिल्लाला दिसतात तुम्ही, तुमचं घर आणि शेत. ते खूप शांत, आनंदी वाढतं. मग सहाव्या महिन्यात हेल्मेट घातलेला पोस्टमन मोटरसायकलवर येतो, किंवा छत्री उघडून शेजारच्या आजी येतात, आणि तुमचं गोड पिल्लू दात दाखवतं. ते खट्याळ झालेलं नसतं, घाबरलेलं असतं. म्हणजे मोकळं शेत हे अनुभवांच्या दृष्टीने रिकामं असू शकतं.

दुसरं घड्याळ: प्रतिकारशक्तीचं

पिल्लाला पहिलं संरक्षण आईच्या चिकातून मिळतं. गाई-म्हशीच्या ज्या चिकाचा आपण खरवस करतो, तसाच हा कुत्रीचा चीक. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात त्यातली प्रतिपिंडं पिल्लाच्या आतड्यातून थेट रक्तात जातात. पुढच्या काही आठवड्यांत ती हळूहळू कमी होतात.

इथे एक विचित्र अडचण आहे. आईची प्रतिपिंडं भरपूर असतात तेव्हा ती लशीतल्या विषाणूलाही निष्प्रभ करतात, त्यामुळे लस लागू पडत नाही. ती कमी होत गेली की एक वेळ अशी येते, की खऱ्या विषाणूला रोखायला ती अपुरी, पण लशीला अडवायला पुरेशी. ही मधली फट प्रत्येक पिल्लात वेगळ्या आठवड्यात येते. म्हणून लस एकदाच देऊन चालत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस देतात. हे डोस एकावर एक थर चढवण्यासाठी नसतात. त्यातला एक तरी फट बंद झाल्यावर पडावा, हा हेतू असतो.

फटीत घुसणारा मुख्य शत्रू म्हणजे पार्व्हो विषाणू. १९७८ मध्ये तो कुत्र्यांत पहिल्यांदा ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो मातीत येतो आणि तिथे महिनोनमहिने टिकतो. फरशी ब्लीचने धुता येते, शेत धुता येत नाही.

घड्याळं जुळत नाहीत, मग काय?

गणित सोपं आहे. ओळखीचं दार बारा-चौदा आठवड्यांत मिटू लागतं आणि लसीकरण सोळाव्या आठवड्यात संपतं. ‘सगळ्या लशी झाल्या की बाहेर काढू’ असं ठरवलं, तर पिल्लू आजारापासून वाचतं, पण भित्रं होण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने याबाबत स्पष्ट भूमिका घेतली आहे: तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण संसर्गजन्य रोग नसून वर्तनाच्या समस्या आहे. चावरा झालेला कुत्रा सोडून दिला जातो किंवा त्याला इंजेक्शन देऊन संपवलं जातं. म्हणून पहिली लस होऊन आठवडा गेला की काळजीपूर्वक ओळखी सुरू करा, असा त्यांचा सल्ला आहे.

जपानी लोकांनी यावर सुटसुटीत मार्ग काढलाय: ‘दाक्को साम्पो’, म्हणजे पिल्लाला उचलून फिरवणं. आपल्या भाषेत कडेवरची फेरी. पाय मातीला लागत नाहीत, पण डोळे, कान आणि नाक कामाला लागतात. शेतावर राहणाऱ्यांसाठी ही फेरी गावाकडे जायला हवी. आठवड्यातून चार-पाच वेळा, दहा-पंधरा मिनिटं पुरेत. दाखवायच्या गोष्टी ठरवून घ्या: छोटा पांढरा ‘केइतोरा’ ट्रक, गवत कापायचं यंत्र (आधी लांबून), पोस्टाची मोटरसायकल, शाळकरी मुलं, काठी टेकत चालणारी माणसं, टोपी, छत्री, रेनकोट, सुपरमार्केटचा पार्किंग लॉट. प्रत्येक नव्या गोष्टीसोबत खाऊचा तुकडा. पिल्लू अंग चोरू लागलं, जांभया देऊ लागलं, खाऊ नाकारू लागलं, की ते ‘पुरे’ म्हणतंय असं समजून मागे फिरा. जबरदस्तीने दाखवलेली वस्तू भीतीच्या यादीत जाते.

लस घेतलेला, शांत स्वभावाचा मोठा कुत्रा ओळखीत असेल तर त्याला घरी बोलवा. स्वतःच्या जमिनीचा एक भाग कुंपण घालून ‘पिल्लाचा’ ठरवा. कोल्हे आणि तानुकी रात्री येऊन जातात त्या बांधाकडे मात्र लसीकरण संपेपर्यंत त्याला सोडू नका. तेही हे रोग वाहून आणतात.

शेतातले धोके

*डास.* भातखाचरं आली की डास आले, आणि डासांसोबत हृदयकृमी. याच्या अळ्या डासाच्या चाव्यातून शिरतात आणि काही महिन्यांनी हृदयात व फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत लांब कृमी होतात. हाचिकोच्या शवविच्छेदनातही हे कृमी सापडले होते. त्याला कर्करोगही होता, हे तोक्यो विद्यापीठाच्या संशोधकांनी जपलेल्या अवयवांवरून २०११ साली दाखवलं. महिन्यातून एकदा द्यायचं औषध डास चावू नये म्हणून नसतं. मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारण्यासाठी असतं. म्हणून डास संपल्यावरही एक महिना ते चालू ठेवावं लागतं. गुरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्याला देऊ नका. कॉली आणि शेल्टी जातींत अनेकदा आढळणाऱ्या एका जनुकीय दोषामुळे ते मेंदूत शिरतं आणि जीव घेऊ शकतं.

*पाणी आणि गोचीड.* कोकणातल्या वाचकांना ‘लेप्टो’ नवा नाही. उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येणारा हाच जंतू जपानी शेतांतही आहे, तेव्हा लेप्टोची लस असलेली संयुक्त लस पशुवैद्याला विचारून घ्या. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या एसएफटीएस या विषाणूजन्य रोगाचा जपानमधला पहिला रुग्ण २०१३ मध्ये जाहीर झाला. तो मुख्यतः पश्चिम जपानात आढळतो आणि आजारी कुत्र्या-मांजरांकडून माणसालाही होऊ शकतो. गोचीड-प्रतिबंधक औषध त्यामुळे घरातल्या सगळ्यांसाठीच असतं.

*होक्काइदो.* इथे कोल्ह्यांमध्ये एकिनोकॉकस हा फीतकृमी आहे. शेतातले उंदीर खाल्लेल्या कुत्र्याकडून त्याची अंडी माणसापर्यंत येतात. तिथे राहत असाल तर जंताच्या नेमक्या औषधाबद्दल पशुवैद्याशी बोला.

*कांदा.* टाकून दिलेल्या कांद्यांचा ढीग कुंपणाआड हवा. कांद्यातली गंधकयुक्त संयुगं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. काही शिबा आणि अकिता कुत्र्यांच्या तांबड्या पेशींत पोटॅशियम आणि ग्लुटाथायोन जन्मतःच जास्त असतं, आणि अशा कुत्र्यांना कांदा अधिक बाधतो, हे जपानी संशोधकांनीच दाखवलंय.

*गोगलगायींचं औषध.* मेटाल्डिहाइडच्या गोळ्या पिल्लाला खाऊसारख्या वाटतात. थोड्या पोटात गेल्या तरी झटके येतात. गोळी खाल्ल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता, पाकीट हातात घेऊन ‘दोबुत्सु ब्योइन’ गाठा.

*फास.* डुकरांसाठी लावलेले तारेचे फास कुत्र्यालाही धरतात. गावात कुठे लावलेत हे शेजाऱ्यांना विचारून ठेवा.

कोंबड्या, माकडं आणि पाठलाग

पाठलाग हे कुत्र्यासाठी स्वतःच बक्षीस असतं. एकदा कोंबडी फडफडत पळाली की पुढे खाऊ दाखवून उपयोग होत नाही. म्हणून तो पहिला पाठलाग घडूच देऊ नका. लांब दोरी बांधून, कोंबड्या जाळीपलीकडे असताना, पिल्लाने त्यांच्याकडून नजर वळवून तुमच्याकडे पाहिलं की लगेच खाऊ. रोज पाच मिनिटं, काही महिने.

नागानो प्रांतातल्या ओमाची शहराने २००५ मध्ये माकडं हुसकावणारे ‘मंकी डॉग’ तयार करायला सुरुवात केली. ते कुत्रे घराघरांत पाळलेलेच होते, पण माणसांना न घाबरणं आणि हाकेला परत येणं आधी पक्कं करून मगच त्यांना माकडांच्या मागे सोडलं जातं. राखण हवी असेल तरी पाया हाच.

कागदपत्रं

१ जून २०२१ पासून जपानमध्ये ५६ दिवसांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. अकिता, शिबा, काई, किशू, शिकोकू आणि होक्काइदो या सहा देशी जातींना, पैदासकाराने थेट विकल्यास, ४९ दिवसांची सूट आहे. जून २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या पिल्लाला मायक्रोचिप बंधनकारक आहे. ती ३० दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. पिल्लू ९० दिवसांचं झाल्यावर ३० दिवसांच्या आत गावच्या ‘याकुबा’त नोंदणी आणि रेबीजची लस, मग दरवर्षी एकदा. १९५० च्या कायद्यातून आलेली ही शिस्त आहे. १९५७ नंतर जपानमधल्या प्राण्यांत रेबीजचा स्थानिक प्रसार झालेला नाही, तो तिच्यामुळेच.

भारतातून पिल्लू आणायचा विचार असेल तर हिशेब करा. मायक्रोचिप, ९१ दिवसांनंतर रेबीजची पहिली लस, किमान ३० दिवसांनी दुसरी, मग प्रतिपिंडांची रक्ततपासणी आणि तिच्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा. एकूण दहा महिने. म्हणजे ओळखीचं घड्याळ पूर्णपणे भारतातच चालणार. तेव्हा ते दहा महिने पिल्लू कुणाकडे आणि कशा घरात वाढेल, हे आधी ठरवा.

पहिला आठवडा

पिल्लू भावंडांच्या उबेतून एकटं आलेलं असतं. पहिल्या रात्री ते रडतं, आणि ‘सवय होईल’ म्हणून त्याला अंगणात बांधायचा मोह होतो. तसं करू नका. अझाबू विद्यापीठातल्या नागासावा आणि किकुसुई यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं, की कुत्रा मालकाच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतो तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं होत नाही. हे नातं जवळ राहूनच जुळतं. खोका तुमच्या अंथरुणाशेजारी ठेवा, रात्री एक-दोनदा बाहेर न्या, आणि जेवणाचा ब्रँड आठवडाभर बदलू नका.

आणि आणण्याच्या आधीच कॅलेंडरवर दोन रेघा ओढा: एक पिल्लाच्या चौदाव्या आठवड्यावर, दुसरी सोळाव्यावर. पहिल्या रेघेपर्यंत रोज एक नवी ओळख, आणि दुसऱ्या रेघेपर्यंत अनोळखी मातीवर पाय नाही.