सैन्य जिंकलं की सेनापती?

आमच्या कन्हानला सुटीत माझ्या ओट्यावर पोरांचा बुद्धिबळाचा फड जमतो. मी पडलो कवी. माझ्याकडे काम फक्त निकाल वहीत लिहिण्याचं. एका उन्हाळ्यात सहा डाव झाले आणि त्यांतले पाच पांढऱ्या मोहऱ्यांनी जिंकले. सातव्या डावाला एका मुलीच्या वाट्याला काळे मोहरे आले. ती रडवेली होऊन म्हणाली, "चाचा, काळी फौज हरतेच. मी नाही खेळत."

वहीत दिसत तर तसंच होतं. म्हणून मी वही पुन्हा नीट वाचली. त्या पाचपैकी चार डाव एकाच मुलाने जिंकले होते. तो सगळ्यांत थोरला, आणि दरवेळी पांढरे मोहरे आधीच उचलून घेणारा! जिंकली ती फौज नव्हती, सेनापती होता.

तसं पाहिलं तर दोन्ही फौजा सारख्याच. राजा, वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि आठ प्यादी. फरक एवढाच, की पहिली चाल पांढऱ्याची. तिचा फायदा होतोही. बरोबरीला अर्धा गुण धरला, तर जगभरच्या असंख्य डावांच्या नोंदींत शंभरातले सुमारे ५४-५५ गुण पांढऱ्याकडे गेलेले दिसतात. पण एवढा बारीक फरक दहा डावांत दिसेलच असं नाही. समजा, बरोबरी होतच नाही आणि दर डावात पांढऱ्याची संधी शंभरात ५५ आहे. तरीही दहा-दहा डावांच्या शंभर स्पर्धा भरवल्या, तर सुमारे २६ स्पर्धांत काळेच पुढे राहतील!

खेळाडूची ताकद मोजतानाही हीच अडचण येते. हंगेरीत जन्मलेले अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी गुणांकनाची पद्धत बसवली, ती जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. नुसतं जिंकला की हरला एवढं ती बघत नाही, कोणाशी खेळला तेही बघते. शिवाय नव्या खेळाडूचे ३० डाव होईपर्यंत गुण बदलण्याचा गुणक ४० असतो, आणि २४०० गुणांकन एकदा गाठलं की तो १० होतो. म्हणजे नवख्याबद्दलचं मत चटकन बदलायची तयारी नियमातच ठेवलेली आहे.

आपल्या नागपूरची दिव्या देशमुख आठवा. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकात ती उतरली, तेव्हा तिचं मानांकन १५वं होतं. अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून तिने चषक जिंकला आणि ग्रँडमास्टरही झाली. पुष्कळांना नवल वाटलं. पण २०२४ मध्ये ती मुलींच्या गटात कनिष्ठ जगज्जेती झाली होती, त्याच वर्षी ऑलिंपियाडच्या सुवर्णविजेत्या संघातही होती. ज्यांनी ती लांबची नोंद पाहिली होती, त्यांना नवल जरा कमी वाटलं असेल.

ओट्यावर आता आम्ही मोहरे चिठ्ठीने वाटतो, आणि प्रत्येक जोडी रंग बदलून दोन डाव खेळते. ती मुलगी त्या दिवशी काळे मोहरे घेऊन बसली आणि हरली. मी वहीत निकाल लिहिला, शेरा लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी ओट्यावर हजर होती.

घरोघरी एका चाचणीच्या गुणांवरून पोरांना शेरे मिळतात, म्हणून ही गोष्ट सांगितली. शेरा मारण्याआधी एवढं विचारावं: डाव किती झाले, समोर कोण होतं, आणि मोहरे कोणी वाटले?