९० दिवसांतली होळी

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राध्यापकांच्या खोलीत शैक्षणिक वेळापत्रक टांगलेलं होतं. मार्चच्या चौकटींत बारीक पेन्सिलीनं गावांची नावं लिहिलेली: काठी, मोलगी, सुरवाणी. ते पाहिलं आणि मी तिथंच बसलो.

सातपुड्यातली होळी एका रात्रीत आटपत नाही. काठीची राजवाडी होळी मोठी, पण तिच्या मागंपुढं गावोगाव वेगवेगळ्या दिवशी होळ्या पेटतात. होळीत बावा, बुध्या ही सोंगं घेणारी पोरं आधीपासून पालनी, म्हणजे व्रताचे नियम, पाळतात. वर्गातले बाक रिकामे पडतात.

वेळापत्रक सांभाळणारे सर पेन्सिलीचं टोक एकेका चौकटीवर टेकवत दिवस मोजत होते. "सत्राचे ९० दिवस शिकवणं झालंच पाहिजे," ते म्हणाले. रविवार वगळले, सुट्ट्या वगळल्या, पुन्हा मोजलं. "९० म्हणजे ९०." मग अंतर्गत चाचणीची तारीख खोडून आठवडाभर पुढं लिहिली. एवढं त्यांच्या हातात होतं. विद्यापीठाच्या परीक्षेची तारीख मात्र नव्हती.

ती ठरते जळगावला, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात. १९९० साली हे विद्यापीठ झालं. त्याआधी खानदेशाची महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे कारभार बराच जवळ आला. २०१६च्या राज्याच्या विद्यापीठ कायद्यानुसार अभ्यासक्रम अभ्यास मंडळात तयार होतो आणि विद्याशाखेतून विद्या परिषदेपुढं जातो. परीक्षांसाठी वेगळं मंडळ आहे. शेवटी महाविद्यालयात येतं ते परिपत्रक.

पण त्याच कायद्यानं प्रत्येक महाविद्यालयाला विकास समितीही दिली आहे. तिच्यात निवडून आलेले शिक्षक बसतात, विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिवही बसतात. होळीसाठी गावी जाणाऱ्या पोरांचं म्हणणं मांडायला याहून योग्य जागा नाही. ९० दिवसांना माझा विरोध नाही; उलट, दिवाळीनंतर ज्यांचे आईबाप मजुरीसाठी गुजरातेत जातात, त्या पोरांना शिकवण्याचा एकेक दिवस मोलाचा आहे. ते ९० दिवस पोरं वर्गात असतील असे निवडावेत, एवढंच.

होळी कधी आहे हे पंचांगात वर्षभर आधी दिसतं. धडगाव, अक्कलकुव्याच्या महाविद्यालयांनी गावांच्या होळ्यांची यादी करावी, विकास समितीत ठराव घ्यावा आणि पुढचं वेळापत्रक छापण्याआधी तो जळगावला लेखी पाठवावा.