परभणीची थंडी आणि डिझेल इंजिनाची ऊब

मराठवाड्याचे नाव काढताच परक्या मनुष्याच्या डोळ्यांपुढे उन्हाळा उभा राहतो, आणि ते साहजिकही आहे. वैशाखात परभणीचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो. परंतु याच जिल्ह्यातील पौषाची पहाट किती बोचरी असते, हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. डिसेंबर २०१८ मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठात किमान तापमान तीन अंशांच्या घरात उतरले होते. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. त्यामुळे दिवसा जमिनीने घेतलेली उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. त्यात उत्तरेकडील वारे सुटले म्हणजे सूर्योदयाच्या सुमारास गारठा कळसास पोचतो.

अशा रात्री आपण गोठ्यास आडोसा करतो, बैलांच्या पाठीवर झूल घालतो. परंतु त्याच अंगणात उभ्या असलेल्या ट्रकची वा ट्रॅक्टरची आठवण पहाटे किल्ली फिरवीपर्यंत कोणास होत नाही. हाच हंगाम उसाच्या वाहतुकीचा. गोदाकाठच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांत पहाटेपासून फडात गाड्या लागतात. तोडलेल्या उसाचे वजन आणि साखर तासातासाने घटत असते; गाडी दोन घटका अडली तर नुकसान केवळ गाडीवाल्याचे होत नाही, उसाच्या धन्याचेही होते. म्हणून इंजिनाची ऊब हा विषय शेतकऱ्याने स्वतः समजून घेण्याजोगा आहे.

थंडीत इंजिन का अडते?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वीपणे चालले. त्याचे मर्म आजही तेच आहे. पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणे यात ठिणगी नसते. दट्ट्या हवेस तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबतो, त्या दाबाने हवा तापते, आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजे उष्णता हीच येथील काडी होय. ढोबळ हिशेबाने, बाहेरची हवा पंचवीस अंशांनी थंड असली तर दाबलेली हवा सुमारे साठ अंशांनी कमी तापते. शिवाय सिलिंडरच्या गार भिंती त्यातलीही उष्णता शोषून घेतात.

त्यातच आणखी दोन अडचणी भर घालतात. गारठ्याने वंगणतेल घट्ट होते व इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरीचा जोर घटतो. शून्य अंशाच्या सुमारास बॅटरीची शक्ती जवळजवळ तृतीयांशाने कमी होते. इंजिन सावकाश फिरले म्हणजे दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटते, ती पुरेशी तापत नाही, आणि धुराड्यातून नुसता पांढरा धूर निघतो. तो धूर म्हणजे न जळलेले डिझेल होय. यावरून ध्यानात येईल की झिजलेल्या रिंगा, गळकी नोझल अथवा जुनी बॅटरी हे दोष उन्हाळ्यात झाकलेले राहतात आणि पौषात उघडे पडतात.

जाळाचा उपाय करू नये

इंजिन अडले की चेंबरखाली पाचटाचा जाळ करणे किंवा डिझेलात भिजविलेला बोळा पेटवून धरणे, हा उपाय रस्त्यावर अजून दृष्टीस पडतो. त्याचा आम्ही स्पष्ट निषेध करतो. इंजिनाखाली तेलाचा ओशटपणा असतो, डिझेलच्या रबरी नळ्या असतात, विजेच्या तारा असतात, आणि गाडीत ऊस वा कापूस भरलेला असतो. एका पहाटेचा खोळंबा वाचविण्यासाठी गाडी आणि माल दोन्ही पणास लावणे हा व्यवहार नव्हे. हवा आत घेण्याच्या वाटेवर झटकन पेटणारा द्रव फवारणे हेही तितकेच घातक आहे. ज्या इंजिनास हीटर प्लग आहेत त्यात असा द्रव वेळेपूर्वीच भडकतो आणि दट्ट्या फुटण्याचा प्रसंग येतो.

रशिया, कॅनडा यांसारख्या देशांत रात्रभर विजेच्या शेगडीने इंजिन गरम ठेवतात, कारण तेथे पारा शून्याखाली तीस-तीस अंश उतरतो. आपल्या तीन-चार अंशांस अशा साधनांची गरज नाही. येथे इंजिन निरोगी असणे एवढेच पुरे आहे.

आदल्या दिवशीची तयारी

दिवाळी सरताच बॅटरी तपासून घ्यावी. तिची टोके खरवडून स्वच्छ व घट्ट करावी. रात्रभर विसावलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब साडेबाराच्या खाली येत असेल तर ती पूर्ण भारलेली नाही असे समजावे. वंगणतेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच असावे. डब्यावर १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते, त्यातील पहिला आकडा थंडीतील वागणुकीचा होय. तो जितका लहान, तितके तेल गारठ्यात लवकर वाहते.

गाडी उत्तरेच्या वाऱ्यास पाठमोरी, भिंतीच्या आडोशाला आणि शक्य तर सकाळचे पहिले ऊन इंजिनावर पडेल अशी उभी करावी. इंजिन निवल्यावर बॉनेटवर जाड घोंगडी अथवा गोणपाट घालावे, मात्र सुरू करण्यापूर्वी ते आठवणीने काढावे. डिझेलची टाकी सायंकाळीच भरून ठेवावी. रिकाम्या टाकीतील हवेचे दव होऊन ते डिझेलात उतरते. फिल्टरखालील पाणी आठवड्यातून एकदा सोडून द्यावे.

पिंपातील डिझेल

डिझेलात मेणाचा अंश असतो. गारठ्यात तो गोठून फिल्टरची जाळी बुजवितो. म्हणून भारतीय मानकात नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे डिझेल वेगळे धरले आहे. फिल्टर तुंबण्याची मर्यादा हिवाळी डिझेलास सहा अंश, तर इतर महिन्यांच्या डिझेलास अठरा अंश आहे. लडाखसाठी तर इंडियन ऑईलने २०१९ मध्ये उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल बाजारात आणले.

येथून आपण काय घ्यावे? पुष्कळ शेतकरी सप्टेंबर-ऑक्टोबरात पिंपात डिझेल भरून ठेवतात आणि पौषात ते वापरतात. ते उन्हाळी प्रतीचे असल्यामुळे चार अंशांच्या पहाटे त्यात मेण धरण्याचा संभव असतो. इंजिन सुरू होऊन दोन मिनिटांत गुदमरून बंद पडले, तर प्रथम फिल्टरचा संशय घ्यावा. त्यास गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यांचा शेक द्यावा म्हणजे मेण विरघळते. साठ्यातले डिझेल थंडीपूर्वीच संपवावे हे उत्तम. त्यात रॉकेल किंवा पेट्रोल मिसळण्याची युक्ती कोणी सुचविल्यास ऐकू नये. एप्रिल २०२० पासून आलेल्या नव्या पद्धतीच्या इंजिनांचे पंप व नोझल फार नाजूक असतात.

पहाटे सुरू करताना

गिअर मोकळा असल्याची खात्री करून क्लच पूर्ण दाबावा, म्हणजे गिअरपेटीतील घट्ट तेल घुसळण्याचा भार सेल्फवर पडत नाही. हीटर प्लगचा दिवा असल्यास तो विझेपर्यंत थांबावे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये, आणि मध्ये निदान अर्धा मिनिट बॅटरीस विसावा द्यावा. इंजिन लागताच जोराने रेस देऊ नये. तेल वरपर्यंत पोचावयास काही क्षण लागतात, आणि तोवर टर्बोचा दांडा कोरडा फिरत असतो.

तसेच चहा होईपर्यंत गाडी अर्धा तास उभ्या जागी चालू ठेवणे हीही समजूत चुकीची आहे. एक लिटर डिझेल जळले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. तापलेल्या इंजिनातून ती वाफ बाहेर जाते. गार इंजिनात तिचा काही अंश भिंतींवर पाणी होऊन वंगणतेलात उतरतो, आणि न जळलेले डिझेलही त्याच वाटेने जाते. दोन-तीन मिनिटे इंजिन चालू ठेवून मग हलक्या गतीने गाडी काढावी. हलके काम हीच इंजिनाची खरी शेकोटी होय.

थर्मोस्टॅट काढू नये

आता मुख्य मुद्दा. उन्हाळ्यात इंजिन तापले की काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात आणि मालकही त्यास मान डोलावतात. थर्मोस्टॅट हे इंजिनाच्या पाण्याचे दार होय. त्यातील मेणाची डबी गार असेपर्यंत ते बंद राहते व पाणी इंजिनातच फिरते. सुमारे ऐंशी अंशांस मेण फुगून दार उघडते व पाणी रेडिएटरकडे जाते. हे दार काढले म्हणजे पौषात पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरात जाते आणि इंजिन कोसच्या कोस चालूनही नीट तापत नाही. डिझेल जास्त लागते, तेल लवकर खराब होते, रिंगा आणि सिलिंडर झिजतात. मग तीच झीज पुढच्या थंडीत इंजिन अडविते. हे चक्र उन्हाळ्यात सुरू होते, त्याची किंमत हिवाळ्यात द्यावी लागते.

शिवाय कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्याने उन्हाळ्याचाही लाभ होत नाही. आडवाट उघडी राहून गरम पाणी रेडिएटरास वळसा घालते. उन्हाळ्यातील तापण्याचे कारण बहुधा अन्यत्र असते: जाळीत अडकलेला कचरा, सैल फॅनबेल्ट, किंवा बोअरच्या जड पाण्याने आत धरलेला खार. येथे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशास, असे विचारले जाते. त्यास उत्तर हे की कूलंट गंज आणि खार यांसही आवरते. ते शुद्ध केलेल्या पाण्यातच मिसळावे.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरी करता येते. तो दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात टांगून पाणी तापवावे. ऐंशी-नव्वद अंशांच्या दरम्यान दार उघडले व निवल्यावर मिटले तर तो चांगला. रेडिएटरपुढे गोणपाट बांधण्याची पाळी येत असेल तर थर्मोस्टॅट नाही किंवा बिघडला आहे, असे खुशाल समजावे.

माणसाची ऊब

शेवटी यंत्राहून मोठी गोष्ट. कारखान्याच्या रांगेत रात्र काढणारे चालक बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी घेऊन निजतात, किंवा बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून उबेस बसतात. दोन्हींतून निघणाऱ्या विषारी वायूस वास नाही, रंग नाही. झोपलेला मनुष्य जागाच होत नाही. गाडीच्या मालकाने चालकास चांगली रजई द्यावी आणि शेगडी केबिनमध्ये नेण्यास सक्त मनाई करावी. ज्या घरात बैलांची झूल विसरली जात नाही, त्या घरात गाडी हाकणाऱ्याची रजई विसरली जाऊ नये.