चिलखताची कसोटी

गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचा पुतळा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हाती केवळ लाठी असताना त्यांनी अतिरेक्याच्या एके-४७ बंदुकीची नळी घट्ट धरून ठेवली आणि प्राण वेचले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. अशा धैर्याला तोड नाही. परंतु शिपायाच्या छातीवर काय असावे, हे धैर्यावर सोपविता येत नाही. ते निविदेतील अटींवर ठरते.

गोळीरोधक चिलखताचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे शासनच होय. साहजिकच शासन जे मागेल, तेच कारखानदार घडवितो. अट ढिली असेल, तर न्यूनतम दराच्या स्पर्धेत पहिली काटछाट संरक्षक पत्र्यांच्या दर्जात होणार, हे सांगावयास नको. याउलट, तपासणीचा अधिकार खरेदीदाराने खरोखर वापरला तर काय होते, ते २०१८ मध्ये दिसले. महाराष्ट्र पोलिसांकडे आलेल्या सुमारे ४,६०० चिलखतांपैकी १,४३० चिलखतांचा माल एके-४७ च्या गोळीच्या चाचणीत उतरला नाही. तो उत्पादकाकडे परत पाठविण्यात आला.

चाचणी साधी, पण निष्ठुर असते. मालातून कोणतेही नमुने उचलून ते मऊ मातीच्या थरावर बांधतात व ठराविक अंतरावरून गोळी झाडतात. गोळी अडली म्हणजे काम झाले, असे नव्हे. मातीत पडलेला खळगा मोजला जातो. तो खोल असेल, तर आत माणसाच्या बरगड्या मोडल्या असत्या. भारतीय मानक ब्युरोने २०१८ मध्ये चिलखतांसाठी आयएस १७०५१ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात धोक्याच्या सहा पातळ्या असून वजनाचाही विचार आहे. हा विचार गौण नव्हे. भाद्रपदातील दमट हवेत लालबाग-परळच्या बंदोबस्तावर तासन्‌तास उभ्या असलेल्या शिपायाने जड चिलखत उतरवून ठेवले, तर ते गोळीरोधक असून उपयोग काय?

अमेरिकेत हाच उपाय बंदुकीच्या बाबतीत योजला गेला. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने बंदुकांना सुरक्षा-कुलपे बसविण्याचे मान्य केले आणि अनेक शहरांनी पोलिसांच्या खरेदीत तिला प्राधान्य देण्याची तयारी दाखविली. मात्र बंदूकधारकांनी बहिष्कार टाकला, खप घसरला आणि तो करार कागदावरच राहिला. आपल्याकडील चिलखतांना असा खुला बाजार जवळजवळ नाही. शासनाने परत केलेला माल सहसा दुसरीकडे खपत नाही.