'औषध' या नावाची नोंद



धान्य आपल्या पेढीवर येते, तेव्हा आपण दाणा तळहातावर घेतो, ओल पाहतो, किडका किती तेही पाहतो आणि मग भाव ठरवितो. स्वच्छ हरभऱ्यास चार पैसे अधिक मिळतात, हे रास्तच आहे. परंतु तो दाणा स्वच्छ राहावा म्हणून शेतात कोणी काय सोसले, याची नोंद आपल्या कोणत्याही वहीत नसते.

2019 च्या डिसेंबरात बैलहोंगल भागातील एका जुन्या शेतकऱ्याचे हरभऱ्याचे पीक पाहावयास मी गेलो होतो. घाटे अळी पडल्यामुळे फवारणी चालली होती. पाठीवर पंप घेतलेला एक तरुण मजूर अनवाणी, बाह्या दुमडून, वाऱ्याच्या उलट दिशेने चालत होता. तोंडास गुंडाळलेला टॉवेल औषधाने भिजला होता. मी हटकले, तर तो हसून म्हणाला, "काय हुत न्हाई सावकार, अंगवळणी पडलंय." मजुरी पंपामागे ठरलेली होती. जितके पंप अधिक, तितके पैसे अधिक. मग हात धुण्यास तरी कोण थांबणार?

सायंकाळी त्यास वांत्या सुरू झाल्या. अंगास दरदरून घाम सुटला, तोंडातून लाळ गळू लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी प्रथम विचारले, "फवारले काय?" कोणास नाव सांगता येईना. बाटली ओढ्यात फेकून दिली होती. ती शोधून आणीपर्यंत तास गेला. मुलगा वाचला, ही त्याच्या आईबापांची पुण्याई.

पेढीवर परतल्यावर मी खातेवही उघडली. त्या बाटलीचे पैसे माझ्याच उचलीतून गेले होते. 'औषध' या नावाखाली रक्कम लिहिलेली होती. हातमोजे व मुखपट्टी यांच्या नावे एक पैसाही नव्हता. उचल देताना मी विचारलेही नव्हते.

वस्तुतः 'औषध' हे नावच फसवे आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके किडीच्या मज्जातंतूंवर आघात करतात आणि माणसाच्याही. ती श्वासावाटे जातात, तशीच कातडीतूनही शिरतात. भिजलेला सदरा दिवसभर अंगावर राहिला तरी पुरे. बाहुल्या बारीक होतात, छाती भरून येते, श्वास कोंडतो. वेळेवर अॅट्रोपिन मिळाले तर प्राण वाचतो. म्हणूनच बाटली डॉक्टरांसमोर असणे अगत्याचे.

यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या उंचीस पोहोचली होती. फवारा अंगावर व चेहऱ्यावर येत होता. निरनिराळी विषे एकत्र मिसळली जात होती. त्या एका हंगामात तेथे सुमारे वीस शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात पडले.

आपल्या धंद्यासही हा धडा नवा नाही. 1958 साली केरळात वाहतुकीत पॅराथिऑन लागलेले गव्हाचे पीठ खाऊन शंभरावर माणसे मेली. त्यानंतर झालेल्या विचारविनिमयातून 1968 चा कीटकनाशक कायदा आला. माझे वडील तेव्हापासून धान्याच्या गाडीत विषाची बाटली ठेवू देत नसत. पोत्याची त्यांनी काळजी घेतली. पंप पाठीवर घेणाऱ्याची घेण्याचे काम आपल्यावर राहिले.

कीड मारावी की न मारावी, हा वाद येथे काढावयाचा नाही. परंतु सूक्ष्म जीव वाचावा म्हणून पाणी फडक्याने गाळून पिणारे आपण. आपल्या डाळीसाठी राबणाऱ्याच्या तोंडावरील विषाने भिजलेले फडके आपणांस दिसू नये काय?

कृषिकेंद्र चालविणाऱ्या बंधूंनी बाटलीवरील त्रिकोणाचा रंग ग्राहकास दाखवावा: तांबडा अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. 'थोडे जास्त घाला' हा सल्ला कदापि देऊ नये. उचल देणाऱ्यांनी औषधाच्या रकमेसोबत हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व बूट यांची रक्कम धरावी. फवारणीची मजुरी पंपामागे न देता रोजाने द्यावी, असे शेतकऱ्यास आग्रहाने सांगावे. वाऱ्याच्या दिशेनेच चालावे, काम संपताच साबणाने स्नान करावे, हेही त्यास सुचवावे.

माझ्या वहीत 2020 पासून 'औषध' या नोंदीखाली दुसरी ओळ असते: 'मजुराचे संरक्षण'. या रकमेवर मी व्याज लावीत नाही. येत्या हंगामात आपणही आपल्या वहीत ही एक ओळ वाढवावी, इतकीच विनंती.