पाइपाच्या फ्लँजचे बोल्ट कसे आवळावेत?

अंबड तालुक्यातील शेतकऱ्यास मोसंबीच्या बागेचे मोल निराळे सांगावयास नको. २०१२ साली पडलेल्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील अनेक बागा वाळून गेल्या. जेथे विहिरीस पाणी थोडे आणि पंपास वीज ठराविक तासच, तेथे पाण्याची एक पाळी चुकली तरी आंबे बहाराची कोवळी फळे गळू लागतात. अशा वेळी मोटार फिरते, परंतु पाणी चढत नाही, ही तक्रार पुष्कळदा ऐकू येते. फूटव्हॉल्व्हला दोष देऊन तो विहिरीतून वर काढण्यात दिवस जातो. खरा दोष मात्र अनेक वेळा सक्शन पाइपाच्या फ्लँजच्या सांध्यात असतो.

डिलिव्हरी पाइपाचा सांधा सैल असल्यास पाण्याची धार उडते व दोष डोळ्यांस दिसतो. सक्शन पाइपाचे तसे नाही. पंप चालू असता त्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी असतो. म्हणून पाणी बाहेर न येता हवाच आत शिरते. सांधा कोरडा दिसतो आणि पाणी तुटते. समुद्रसपाटीस हवेचा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभच तोलू शकतो. व्यवहारात तर ६ ते ७ मीटरपेक्षा अधिक सक्शन मिळत नाही. म्हणून सांध्यातील बारीक फटही नडते.

परीक्षा सोपी आहे. पंप बंद ठेवून तो पाण्याने पूर्ण भरावा. पाण्याची पातळी उतरत असेल आणि सांध्यावर थेंब दिसत असतील, तर दोष सांध्यात आहे. पातळी उतरते, परंतु बाहेर कोठेही ओल नाही, असे दिसल्यास फूटव्हॉल्व्ह तपासावा.

सांधा पाणी धरतो तो रबरी पॅकिंग सर्व बाजूंनी सारखे दाबले गेल्यामुळे. एक बोल्ट प्रथमच पूर्ण आवळला, तर त्या बाजूचे पॅकिंग चेपते व समोरची बाजू उघडी राहते. शिवाय एक बोल्ट आवळला की शेजारचा थोडा सैल पडतो. म्हणून पुढील रीत पाळावी.

१. मेन स्विच बंद करावा. जुन्या पॅकिंगचे तुकडे खरवडून दोन्ही फ्लँज स्वच्छ करावेत.

२. नवे पॅकिंग एकच घालावे. त्याचे भोक पाइपाच्या भोकाहून लहान नसावे.

३. पाइपास आधार देऊन फ्लँज समोरासमोर आणावेत. वाकडा पाइप बोल्टने ओढून जुळवू नये.

४. आट्यांना व नटाच्या बुडास थोडे ग्रीस लावावे. पान्याला लावलेल्या जोराचा फार मोठा भाग घर्षणातच खर्च होतो. गंजलेला नट घट्ट वाटतो, परंतु बोल्ट ताणलेला नसतो.

५. सर्व नट प्रथम हाताने बसवावेत. मग क्रमाने आकडे घालून समोरासमोरचे बोल्ट आवळावेत. चार बोल्ट असल्यास १, ३, २, ४. आठ असल्यास १, ५, ३, ७, २, ६, ४, ८.

६. या क्रमाने तीन फेऱ्या कराव्यात: पहिलीत सुमारे एक तृतीयांश, दुसरीत दोन तृतीयांश व तिसरीत पूर्ण जोर. शेवटी ओळीने एक फेरी करून कोणताही नट फिरत नाही, हे पाहावे.

पान्यास पाइपाचा तुकडा जोडून जोर लावू नये. त्याने पॅकिंग बाहेर येते, आणि बिडाचा फ्लँज तडकला तर तो बदलावाच लागतो. रबर दबल्यावर किंचित सैल पडते. म्हणून दुसऱ्या दिवशी पंप बंद ठेवून त्याच क्रमाने नट पुन्हा तपासावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बहाराचे पाणी सुरू होण्यापूर्वीच ही रीत एखाद्या विहिरीवर करून दाखवावी. अर्ध्या तासाचे हे काम ऐन उन्हाळ्यातील एक पाळी वाचविते.